उल्हास नदी

महाराष्ट्र राज्याच्या उत्तर कोकणातील एक प्रमुख नदी. लांबी सु. १२२ किमी.; जलवाहन क्षेत्र सु. ४,६०० चौ. किमी. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर, खंडाळ्याच्या उत्तरेस असलेल्या राजमाची किल्ल्याच्या परिसरात ती उगम पावते आणि रायगड व ठाणे जिल्ह्यांतून वाहत जाऊन वसईच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून मुखाजवळचा तिचा उत्तर काठ पालघर जिल्ह्यात आहे. खोऱ्याचा अगदी थोडा भाग पुणे जिल्ह्यात मोडतो. द्वीपकल्पातील गोदावरी, कृष्णा यांसारख्या पूर्ववाहिनी नद्यांच्या मानाने उल्हास फारच लहान आहे. तथापि मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा भाग याच खोऱ्यात किंवा त्याच्या काठावर वसलेला असल्याने दर चौरस किलोमीटरमागे तिच्यावर पडणारा लोकवस्तीचा व उद्योगांचा भार देशातील फार थोड्या नद्यांवर पडत असेल.

प्रवाहमार्ग : कोकणातील बहुतेक नद्या सह्याद्रीच्या पायथ्यापासून जवळजवळ सरळ पश्चिमेस वाहतात व पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्र गाठतात. उल्हास याला अपवाद आहे. कड्यावरून उतरल्यावर कोंढाणे येथील प्राचीन बौद्ध लेण्यांच्या पायथ्याने ती कोंदिवडे व कर्जतकडे येते. तेथून पश्चिमेस जाण्याऐवजी ती उत्तरेकडे वळते आणि नेरळ, शेलू, वांगणी, बदलापूर अशी सह्याद्रीला बरीचशी समांतर वाहत राहते. याचे कारण माथेरानचा डोंगर. माथेरान, पेब, चंदेरी, मलंगगड ही रांग सह्याद्रीपासून सुटून खोऱ्याच्या पश्चिम अंगास भिंतीसारखी उभी आहे. तिच्या पूर्व उतारावरील पाणी उल्हासला मिळते, तर पश्चिम उतारावरील पाणी गाढी नदीने पनवेलच्या खाडीकडे आणि काही अंशी पाताळगंगेकडे जाते. ही रांग कल्याणच्या दक्षिणेस बुटकी होत जाते, तेव्हाच नदीला पश्चिमेस जाण्यास वाट मिळते.

बदलापूरनंतर नदी वायव्येस वळून अंबरनाथ व उल्हासनगर यांच्या बाजूने शहाड-मोहने येथे येते. कल्याणच्या उत्तरेस तिला उजव्या तीरावरून काळू नदी मिळते. कल्याणजवळ, दुर्गाडी किल्ल्याखाली, तिचे पात्र खाडीत बदलते. पुढे डोंबिवली व दिवा यांच्या बाजूने मुंब्र्याच्या पारसिक डोंगरापर्यंत ती नैर्ऋत्येस जाते. येथे डोंगर आडवा आल्याने मुख्य प्रवाह एकदम वायव्येस वळतो आणि काल्हेर, कशेळी, कोलशेत व घोडबंदर यांच्यामधून वसई-भाईंदरकडे जातो. ठाण्याजवळ एक अरुंद फाटा या प्रवाहाला दक्षिणेकडील ठाणे खाडीशी जोडतो. साष्टी बेटाला बेटपण आले ते या दोन खाड्यांमुळे. नदीचे सर्व पाणी ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदरात जाते, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. नदीच्या पाण्याचा मुख्य मार्ग वसईची खाडी हाच आहे.

जलविभाजक : खोऱ्याची पूर्व सीमा म्हणजे सह्याद्रीची धार. दक्षिणेकडून उत्तरेस राजमाची, ढाक, भीमाशंकर, सिद्धगड, गोरखगड, आहुपे घाट, नाणेघाट, माळशेज घाट, हरिश्चंद्रगड, आजोबाचा डोंगर आणि अखेर थळ घाट अशी ही सीमारेषा जाते. या रेषेच्या दोन्ही अंगांची तुलना उद्बोधक आहे. भीमाशंकरच्या पठारावर पूर्वेकडे उतरलेले पाणी भीमा नदीचे होते, कृष्णेला मिळते व सबंध द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचते. त्याच पठाराच्या पश्चिम कड्यावरून पडलेले पाणी उल्हासच्या उपनद्यांत जाते व शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत अरबी समुद्रास मिळते. माळशेजच्या माथ्यावर हीच विभागणी पुष्पावती व काळू यांच्यात होते, तर हरिश्चंद्रगडावर ती मुळा नदी, म्हणजे पर्यायाने गोदावरी, आणि काळू यांच्यात होते. थळ घाटाच्या माथ्यावर इगतपुरीकडचे पाणी दारणेत जाते व कसाऱ्याकडचे भातसेत. अशा रीतीने उल्हासच्या लहानशा खोऱ्याची पाठ कृष्णा व गोदावरी या दोन महानद्यांच्या खोऱ्यांना लागलेली आहे. निसर्गाने आखलेली ही सीमा माणसाने मात्र तशीच ठेवलेली नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

उत्तरेकडील जलविभाजक फारसा ठळक नाही. शहापूर व भिवंडी या तालुक्यांतील ठेंगण्या टेकड्यांवरून तो जातो. भिवंडी तालुक्याचा उत्तर भाग, ज्यात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाचे झरे आहेत, तानसा नदीच्या म्हणजे वैतरणेच्या खोऱ्यात मोडतो. तालुक्याचा दक्षिण भाग व भिवंडी शहर उल्हासच्या खाडीकडे उतरते.

भूरचना व पर्जन्य : सर्व खोरे दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचे आहे. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. पश्चिमेकडे येताना ते समुद्राच्या दिशेने कलत जातात. कोकणपट्टीतील या कलास भूवैज्ञानिक ‘पनवेल वाक’ असे म्हणतात. वज्रेश्वरीचे उष्ण झरे याच दुर्बल पट्ट्याशी संबंधित आहेत. बेसाल्टाचे कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहतात व मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये पायऱ्या पडतात. सिद्धगड, गोरखगड, माहुली यांच्या आकृतींचे रहस्य यातच आहे. पायथ्यापासून खाडीपर्यंतचा उतार मात्र अत्यंत मंद आहे. नदी काही किलोमीटरांत पाचशेहून अधिक मीटर खाली येते आणि उरलेला शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास जेमतेम काही दशक मीटरांच्या उतारावर करते. पुराचे पाणी वरून वेगाने यावे व खाली रेंगाळावे, हे या भूरचनेतच अनुस्यूत आहे.

पाऊस जवळजवळ सर्व जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. किनाऱ्यालगत त्याचे वार्षिक प्रमाण दोन ते अडीच मीटर, कर्जतच्या परिसरात साडेतीन मीटरांच्या आसपास आणि माथेरानसारख्या उंचीवर सु. पाच मीटर असते. सबंध क्षेत्रावर सरासरी अडीच मीटर पाऊस धरला, तरी साध्या हिशोबाने दरवर्षी ११ अब्ज घ. मी.हून अधिक पाणी या खोऱ्यावर पडते. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक गावपाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. परक्याला हे कोडे वाटते. त्यामागील कारणे मात्र स्पष्ट आहेत. बेसाल्टाच्या घट्ट थरांत पाणी साठविण्यास पोकळी कमी. साठते ते भेगांत व वरच्या कुजलेल्या मुरुमात. उतार तीव्र असल्याने पावसाचे पाणी मुरण्यापूर्वी ओढ्यात येते. दिवाळीनंतर लहान ओढे आटतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहिरी तळाला जातात. यात भर अशी, की मोठे जलाशय दरीच्या तळाशी असतात व पाडे त्यांच्या वरच्या सोंडांवर. डोळ्यांसमोर पाणी आहे, परंतु ते खाली आहे आणि त्याचे वाटपही अन्यत्र ठरलेले आहे.

उपनद्या : डाव्या तीरावरून मिळणारे ओहोळ लहान आहेत. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावणारी वालधुनी ही त्यांतील प्रमुख. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (इ. स. १०६०) तिच्याच काठी आहे. उजव्या तीरावरील उपनद्या मोठ्या असून त्या सर्व सह्याद्रीतून येतात. कर्जत तालुक्यात पेज, पोशीर व शिलार, बदलापूरच्या खालच्या अंगास बारवी आणि त्यानंतर काळू व भातसा या त्या होत.

काळू व भातसा यांचे एकत्रित क्षेत्र उल्हासच्या सबंध खोऱ्याच्या निम्म्याहून अधिक भरते. या दृष्टीने कोणती मुख्य नदी व कोणती उपनदी हा प्रश्न नावापुरताच उरतो. काळू हरिश्चंद्रगड-माळशेज भागातून कड्यावरून कोसळत उतरते, मुरबाड तालुका ओलांडून टिटवाळ्यास येते. तेथील गणपतीचे मंदिर प्रसिद्ध आहे. भातसा थळ घाटाखालून निघून शहापूर तालुक्यातून, खडवलीवरून येऊन काळूस मिळते. उल्हासचा वरचा भाग आणि भातसेचे खोरे हे सह्याद्री चढण्याचे दोन स्वाभाविक मार्ग आहेत. १८५४ साली ठाण्याहून कल्याणपर्यंत आलेला लोहमार्ग तेथे दुभंगला तो याच कारणाने : एक फाटा उल्हासच्या काठाने कर्जतला जाऊन बोर घाट चढला (१८६३), दुसरा भातसेच्या बाजूने कसाऱ्यास जाऊन थळ घाट चढला (१८६५). या दोन्हींच्या मध्ये काळूच्या खोऱ्यातून नाणेघाटाची जुनी व्यापारी वाट जुन्नरकडे जाते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. कल्याण हे बंदर प्राचीन काळी भरभराटीस आले, त्याचे कारण केवळ खाडी नव्हे. घाटांच्या तीन वाटा उतरून जेथे एकत्र येतात, तेथेच भरतीचे पाणीही पोहोचत होते. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात व कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा उल्लेख येतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली आणि पुढे याच खाडीत मराठी आरमाराच्या उभारणीस आरंभ झाला.

परखोऱ्यातील पाणी : पावसाळ्यानंतर कोकणातील नद्या सामान्यतः आटतात. उल्हास मात्र मे महिन्यातही वाहताना दिसते. ती मूळचीच बारमाही नदी आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिच्या उन्हाळी प्रवाहाचा मोठा भाग कृष्णेच्या खोऱ्यातील आहे. घाटमाथ्यावर, मावळात, आंद्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीस व इंद्रायणी भीमेस मिळते. या आंद्रेवर ठोकरवाडी येथे धरण बांधून तिचे पाणी बोगद्याने व नळांनी सु. ५०० मी. खाली, कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्रात सोडण्यात आले. टाटांच्या आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीचे हे केंद्र १९२२ साली सुरू झाले. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी परत वर जात नाही. ते पेज नदीत उतरते व तेथून उल्हासला मिळते. त्यामुळेच पेज बारमाही झाली आहे, राजनाला कालव्याखाली कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकते आणि बदलापूरपासून मोहन्यापर्यंतच्या शहरांना नदीतून वर्षभर पाणी उचलता येते.

टाटांनी उभारलेल्या खोपोली (१९१५) व भिरा (१९२७) या केंद्रांतूनही भीमेच्या वरच्या खोऱ्यातील पाणी असेच पश्चिमेकडे, अनुक्रमे पाताळगंगा व कुंडलिका या नद्यांत उतरते. भिऱ्यासाठी मुळशी येथे झालेल्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला होता, हे सर्वश्रुत आहे. आंद्रेच्या धरणाचा त्या मानाने फारसा उल्लेख होत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) आपल्या अंतिम निवाड्यात, १९७६ मध्ये, वरच्या भीमा उपखोऱ्यातून टाटांच्या या तिन्ही योजना किंवा अन्य प्रकल्प यांसाठी पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली : कोणत्याही एका वर्षात ५४·५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. पाच वर्षांची ही मर्यादा सरासरीने पाहिली, तर वर्षाला सु. १·२ अब्ज घ. मी. पाणी होते. भातसा जलाशयाच्या उपयुक्त साठ्याहून हे प्रमाण अधिक आहे. सोलापूरकडील भीमेच्या खोऱ्यात पर्जन्यमान अत्यल्प असल्याने २०१२-१३ व २०१५-१६ या दुष्काळी वर्षांत टाटांच्या धरणांचे पाणी पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी जोराने पुढे आली. मागणीमागील न्याय नाकारता येत नाही. परंतु एका शतकाच्या काळात पश्चिमेकडे या पाण्यावर शेती, नळयोजना व कारखाने उभे राहिले आहेत. भिवपुरीचे पाणी उद्या थांबले, तर पहिली झळ वीजग्राहकास नव्हे, तर कर्जत ते कल्याण या पट्ट्यातील नळांना लागेल. वीज अन्य मार्गांनी निर्माण करता येते, हे यासंबंधीच्या चर्चेत नेहमी सांगितले जाते. नदीच्या खालच्या भागाचे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जलविभाजक ओलांडण्याचा आणखी एक प्रकार उत्तरेस आहे. घाटघर उदंचन जलविद्युत् प्रकल्पात (२००८, क्षमता २५० मेगॅवॉट) वरचा जलाशय प्रवरेच्या खोऱ्यात व खालचा शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. विजेची मागणी जास्त असताना पाणी खाली सोडतात व कमी असताना ते पंपांनी पुन्हा वर चढवितात. म्हणून येथे पाण्याची कायमची देवघेव होत नाही. शहापूर तालुक्यातील टंचाईग्रस्त गावांसाठी इगतपुरीजवळच्या भावली धरणातून, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून, गुरुत्वाने पाणी आणण्याची योजनाही मंजूर झालेली आहे. ज्या तालुक्यातून मुंबईचे निम्मे पाणी जाते, त्याला आपली तहान घाटावरून भागवावी लागावी, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

धरणे व पाणीपुरवठा : उल्हासच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नाही. मोठी धरणे आहेत ती उपनद्यांवर. बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बांधले व नंतर टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढविली. २०१९ पासून त्यात सु. ३४ कोटी घ. मी. पाणी साठविता येते. औद्योगिक वसाहतींसाठी बांधलेले हे धरण आता प्रामुख्याने शहरांची तहान भागविते. पाणी नदीत सोडून जांभूळ येथे उचलले जाते.

भातसा धरण (उंची सु. ८८ मी.; उपयुक्त साठा सु. ९४ कोटी घ. मी.) १९८० नंतरच्या दशकात पूर्ण झाले. त्याचे पाणीही नळाने न नेता नदीपात्रातूनच खाली आणतात. पिसे येथील बंधाऱ्यात ते अडवून उचलतात, भिवंडी तालुक्यातील पांजरापूर येथे शुद्ध करतात व प्रचंड व्यासाच्या जलवाहिन्यांनी मुंबईस पोहोचवितात. मुंबई महानगरपालिकेच्या एकूण पुरवठ्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी भातसेचे असते. विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२) या क्रमाने उत्तरेकडे सरकत गेलेल्या मुंबईच्या पाणीशोधात भातसा हा सर्वांत मोठा टप्पा होय.

भिवंडी व कामतघर : मुंबईकडे जाणाऱ्या या जलवाहिन्या भिवंडीच्या हद्दीतून जातात. खोऱ्यातील पाण्याचे सर्व प्रकार एकत्र पाहावयाचे झाल्यास भिवंडीसारखे दुसरे ठिकाण नाही. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. ७·१ लाख होती. यंत्रमागाच्या व्यवसायामुळे ते देशभर प्रसिद्ध आहे. शहराच्या दक्षिण भागातील कामतघर येथे वऱ्हाळदेवी तलाव आहे. देवीच्या मंदिरावरून त्यास हे नाव पडले असून बोलण्यात तो वराळा तलाव म्हणून ओळखला जातो. भोवतालच्या टेकड्यांवरील पावसाच्या पाण्याने तो भरतो. बेसाल्टाच्या प्रदेशात नैसर्गिक खोलगट जागी पाणी अडवून वर्षभर पुरविण्याची जी जुनी पद्धत ठाणे परिसरात सर्वत्र होती, तिचे हे टिकून राहिलेले उदाहरण होय. ठाणे शहरातील अनेक तलाव बुजले गेले. वऱ्हाळदेवी तलावातून मात्र भिवंडीच्या नळांना आजही काही पाणी मिळते. शहराच्या एकूण गरजेच्या मानाने ते अगदी थोडे आहे.

उरलेले पाणी दोन मार्गांनी येते. शहाड येथे उल्हासमधून उचललेले पाणी टेमघर येथील केंद्रात शुद्ध होऊन शहरास मिळते आणि काही पाणी मुंबई महानगरपालिकेच्या वाहिन्यांतून घेतले जाते. म्हणजे कामतघरच्या नळाला येणारे पाणी एकाच वेळी तीन ठिकाणचे असू शकते : टेकडीवर पडलेल्या पावसाचे, सह्याद्रीच्या कड्यावरून आलेल्या भातसेचे आणि शहाडमार्गे आलेले मावळातील आंद्रेचे. भिवंडीच्या मागांवर काम करण्यासाठी तेलंगणातून आलेली अनेक पद्मशाली कुटुंबे लगतच्या पद्मनगरात व कामतघर परिसरात राहतात. आंद्रेचे पाणी वळविले गेले नसते, तर भीमा-कृष्णेच्या मार्गाने ते त्यांच्या मूळ प्रदेशाच्याच सीमेवरून वाहिले असते.

भिवंडीजवळून वाहणारी कामवारी ही लहान नदी वसईच्या खाडीस मिळते. एके काळी तिच्या पात्रात भरतीबरोबर होड्या येत. सूतास खळ लावणारे व कापड रंगविणारे कारखाने आणि वाढत्या वस्तीचे सांडपाणी यांमुळे पावसाळा वगळता तिच्यात आता स्वच्छ पाणी जवळजवळ राहिलेले नाही.

खाडी : कल्याणपासून खाली भरती-ओहोटीचा प्रभाव जाणवतो. हिवाळ्यात व उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी वर सरकते, पावसाळ्यात गोड पाण्याचा लोंढा त्यास मागे रेटतो. दोन्ही पाण्यांची सीमा अशा रीतीने ऋतूनुसार हलत असते. काठांवर चिखलाचे पट्टे व तिवरांची झाडी आहे. आगरी व कोळी लोकांनी मातीचे बांध घालून खाडीकाठची जमीन खारमुक्त केली व तीत भात लावला. काही ठिकाणी मिठागरे केली. काल्हेर, कशेळी, अंजूर या गावांच्या शिवारांतून असे जुने बांध होते. भिवंडी तालुक्यात गोदामांची दाटी झाल्यापासून त्या जमिनींवर मोठ्या प्रमाणात भराव पडला आहे. भरतीचे व पुराचे पाणी पसरण्याची ही नैसर्गिक जागा होती. मुंब्र्याजवळील रेतीबंदर हे नाव खाडीतील रेती उपशाच्या धंद्यावरून पडले आहे. बेसुमार उपशामुळे पात्र खोल होते, काठ ढासळतात आणि खारे पाणी अधिक वर येते. मुखाजवळ नायगाव व भाईंदर यांच्यामध्ये पाणजू हे बेट आहे. उत्तर काठावरील वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. फाट्याने जोडलेल्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य (२०१५) असून २०२२ मध्ये रामसर करारान्वये तिचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत समावेश झाला.

प्रदूषण : दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यानंतर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व डोंबिवली येथे रसायने, रंग, रेयॉन व कापड यांचे कारखाने निघाले. दूषित पाणी आणि पिण्याचे पाणी यांसाठी नदीच्या एकाच टप्प्याचा वापर होतो, हा येथील मूळ दोष आहे. बदलापूरपासून मोहन्यापर्यंत पाणी उचलण्याची केंद्रे आहेत आणि त्याच टप्प्यात नाले नदीस मिळतात. उल्हासनगरचा खेमाणी नाला अशा केंद्राच्या वरच्या अंगास मिळत होता. तो वळविण्याचे काम अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर हाती घेण्यात आले. वालधुनी कल्याणजवळ खाडीस मिळत असल्याने तिची घाण पिण्याच्या पाण्यात थेट येत नाही, परंतु तिच्या काठच्या वस्तीला तिचा त्रास कायम आहे. २०१४ मध्ये या नाल्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना बाधा झाली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक संस्था यांना मोठा दंड ठोठावला. उन्हाळ्यात मोहन्याजवळ पात्रावर पसरणारी जलपर्णी ही पाण्यात मैल्याचे पोषक अंश साठत असल्याची खूण होय. यंत्रांनी ती काढून टाकली, तरी मूळ कारण राहते तोवर ती पुन्हा उगवते.

पूर : २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूर, कल्याण व भिवंडी येथे नदी-खाडीचे पाणी वस्तीत शिरले. २६-२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान लोहमार्ग पाण्याखाली जाऊन महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सु. एक हजार प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले. अशा वेळी धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे पूर आला, अशी आवई उठते. बारवी नदी बदलापूरच्या खाली मिळत असल्याने बदलापूर-वांगणीच्या पुराचा तिच्या धरणाशी संबंध जोडता येत नाही. तेथील पूर हा कर्जत, माथेरान व भीमाशंकरच्या उतारांवर पडलेल्या पावसाचा असतो. कल्याणच्या पुरात मात्र काळू-भातसेचे पाणी व समुद्राची भरती हे दोन घटक मिळतात. उधाणाची भरती व घाटातील लोंढा एकाच वेळी आले, तर पाण्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

नियोजित धरणे : वाढत्या शहरांसाठी काळू, शाई, पोशीर, शिलार व मुख्य उल्हास या नद्यांवर धरणे योजिली आहेत. उल्हासवरील कोंढाणे धरणाचे काम राज्यातील सिंचन व्यवहारांवरील आरोपांच्या काळात, २०१२ मध्ये, थांबले. पुढे हा प्रकल्प सिडकोकडे देण्याचे ठरले. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम २०११ मध्ये वनविषयक मंजुरी मिळण्यापूर्वीच सुरू झाले होते. बुडिताखाली जाणाऱ्या गावांतील आदिवासी व शेतकरी संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने काम थांबविले. या गावांत प्रामुख्याने ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांची वस्ती असून भात, नाचणी व वरई ही त्यांची पिके आहेत.